बोलकी वाहने आणि मुक्या ट्रॉल्या

गळीत हंगामातील एखाद्या रात्री कुंडलहून ताकारीकडे किंवा पलूसकडे जाणाऱ्या रस्त्याने ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना एक दृश्य परिचयाचे असेल. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा असतो. चाक बसलेले असते किंवा जोडाची खीळ तुटलेली असते. चालक खाली उतरतो, बांधावरचे चार दगड उचलून मागच्या ट्रॉलीपासून पंधरावीस पावलांवर मांडतो, त्यांवर वाढ्याचा एक भारा टाकतो आणि दुरुस्तीच्या खटपटीला लागतो. ते दगड आणि तो भारा हा एक संदेश असतो. पुढे वाहन उभे आहे, वेग कमी करा, एवढेच तो सांगतो. असा संदेश पाठविण्यास खर्च येत नाही आणि तो समजण्यास कोणाला शिकावे लागत नाही. मात्र मागून येणाऱ्याला तो अगदी जवळ आल्यावर, दिव्याच्या उजेडातच वाचता येतो. शिवाय ट्रॉली निघून गेल्यावर दगड तेथेच राहिले, तर इशाऱ्यासाठी मांडलेली वस्तूच दुसऱ्या अपघाताचे कारण होते.

वाहनाने आपली स्थिती इतरांना कळवावी आणि इतरांची स्थिती स्वतः जाणून घ्यावी, ही गरज अशी साधी आणि जुनी आहे. या गरजेसाठी आता रेडिओ लहरी, कृत्रिम उपग्रह आणि संगणक यांचा उपयोग होऊ लागला आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हे आकडे पाहिले म्हणजे या नव्या यंत्रणेकडे केवळ श्रीमंत मोटारींची चैन म्हणून पाहता येणार नाही, हे पटते. त्याचबरोबर ही यंत्रणा कोठे उपयोगी पडते आणि कोठे अपुरी ठरते, हे ग्रामीण भागातील रस्त्यांची जबाबदारी वाहणाऱ्यांनी समजून घेणे आवश्यक आहे. रात्री कुंडलच्या रस्त्यावर उभी असलेली ती ट्रॉली या यंत्रणेच्या हिशेबात बहुधा धरलेली नसते.

कुंडल रोडची आठवण

वाहनाने आपल्या मार्गाशी बोलावे ही कल्पना या परिसराला अपरिचित नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानच्या हद्दीतील माळावर आपला कारखाना उभारला, तेव्हा जवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव कुंडल रोड असे होते. पुढे तेच किर्लोस्करवाडी झाले. रेल्वेगाडी रुळांवरून धावते. समोरून दुसरी गाडी आली तर तिला बाजूला वळता येत नाही, आणि वेगात असताना ती थांबण्यास बरेच अंतर लागते. म्हणून रस्त्यावरील वाहनांच्या कितीतरी आधी रेल्वेला संदेशवहनाचा विचार करावा लागला.

एकेरी मार्गावर त्यासाठी देशात सर्वत्र जी पद्धत रूढ झाली, ती जुन्या प्रवाशांना आठवत असेल. लगतच्या दोन स्थानकांवर तारेने जोडलेली दोन यंत्रे असत आणि त्यांत धातूचे गोळे ठेवलेले असत. दोन्ही स्थानकांची संमती असल्याखेरीज यंत्रातून गोळा बाहेर पडत नसे. एकदा एक गोळा बाहेर पडला, की तो पुन्हा कोणत्याही एका यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा निघत नसे. वेताच्या कड्याला अडकविलेल्या पिशवीतून तो गोळा इंजिनचालकाच्या हाती दिला जाई, आणि ज्याच्या हाती गोळा त्याचाच मार्ग, असा नियम होता. दोन स्थानके, एक मार्ग आणि एक गाडी यांच्यातील हा करार एका गोळ्यात सामावलेला होता.

या पद्धतीत गाडी फक्त स्थानकावर बोले, दोन स्थानकांच्या मधल्या प्रवासात ती मूक असे. ७ जून १९४३ रोजी साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविली. त्या धाडसात कुंडलचे क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांचा पुढाकार होता. वाटेत अडलेल्या गाडीला तत्काळ कोणाला हाक मारता येत नाही, ही गोष्टही त्यांच्या पथ्यावर पडली असणार.

आज रेल्वेने ‘कवच’ नावाची भारतीय बनावटीची यंत्रणा स्वीकारली आहे. प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या २०१६ मध्ये सुरू झाल्या आणि २०२० मध्ये तिला राष्ट्रीय यंत्रणा म्हणून मान्यता मिळाली. हिच्यात रुळांच्या मध्ये ठराविक अंतरावर लहान पट्ट्या बसविलेल्या असतात. इंजिन वरून जाताना त्या वाचते आणि आपण नेमके कोठे आहोत हे ओळखते. इंजिन, स्थानक आणि सिग्नल यांच्यात रेडिओवरून अखंड बोलणे चालू असते. चालकाने धोक्याचा सिग्नल ओलांडण्याचा संभव निर्माण झाला, तर यंत्रणा स्वतःच ब्रेक लावते.

रेल्वेला हे तुलनेने सोपे आहे. मार्ग तिचा, गाड्या तिच्या आणि चालकही तिचेच. रस्त्याचे तसे नाही. तेथे मोटार, एस. टी., मालमोटार, टायरगाडी, सायकल, शाळेतून परतणारी मुले आणि चरून येणारी गुरे एकाच पट्ट्यावरून जातात, आणि त्यांचा कोणी एक मालक नसतो. रस्त्यावरच्या संदेशवहनाच्या सर्व अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात.

आधी आपला पत्ता

वाहनाला दुसऱ्यास काही सांगावयाचे तर प्रथम आपण कोठे आहोत हे त्याला ठाऊक असले पाहिजे. हे काम उपग्रह करतात. प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक घड्याळ असते आणि तो आपली वेळ व आपले स्थान सतत प्रक्षेपित करीत असतो. वाहनातील ग्राहक यंत्र तो संदेश किती उशिरा पोहोचला हे मोजते. रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर या वेगाने जातात. म्हणून विलंबावरून अंतर काढता येते. निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की वाहनाचे स्थान निश्चित होते. येथे वेळेतील एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूकदेखील ३०० मीटरची चूक ठरते. म्हणजे वाहन कुंडलच्या बाजारपेठेत असताना नोंद शेजारच्या शेतात होईल. तीन उपग्रहांऐवजी चौथाही का लागतो याचे उत्तर यातच आहे. वाहनातले घड्याळ स्वस्तातले असते, आणि त्याची चूक शोधण्याचे काम चौथा उपग्रह करतो. शिक्षकांना गणिताच्या तासाला हे उदाहरण अवश्य घेता येईल.

अमेरिकेच्या उपग्रहांवर सर्वस्वी अवलंबून राहावे लागू नये म्हणून भारताने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून स्वतःची ‘नाविक’ ही प्रणाली उभी केली. प्रवासी वाहतुकीच्या वाहनांत बसविण्याच्या उपकरणांत ‘नाविक’चे संकेत ग्रहण करण्याची क्षमता असावी, असा दंडक २०१९ पासून घालण्यात आला.

टोल नाक्यावरील देवघेव

वाहन आणि परिसर यांच्यातील सर्वांत साधे संभाषण आपण तासवडे किंवा किणीच्या टोल नाक्यावर पाहतो. मोटारीच्या काचेला आतून चिकटविलेल्या ‘फास्टॅग’मध्ये विजेरी नसते. पुष्कळांना हे ठाऊक नसते, आणि ठाऊक झाले की नवल वाटते. नाक्यावरील यंत्र रेडिओ लहरी सोडते. पट्टीतील बारीक तारेचे जाळे त्या लहरींतूनच आपल्यापुरती ऊर्जा घेते, तिच्यातील सूक्ष्म संगणक जागा होतो आणि त्याच लहरी थोड्या बदलून परत पाठवितो. त्या बदलात पट्टीचा क्रमांक असतो. क्रमांकावरून खाते शोधले जाते, रक्कम वळती होते आणि फाटक उघडते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांवर ही पट्टी आवश्यक करण्यात आली, त्यामुळे आज बहुतेक मोटारमालकांच्या परिचयाची ही एकमेव बोलकी वस्तू आहे. परंतु ती विचारल्याखेरीज बोलत नाही आणि आपल्या क्रमांकापलीकडे काही सांगत नाही. नाका सोडल्यावर पुढचा नाका येईपर्यंत ती मुकी असते.

उसन्या ऊर्जेवर बोलणारी ही पट्टी लक्षात ठेवावी. तिच्याच जातीची एक अधिक साधी पट्टी पुढे येणार आहे.

धोक्याचे बटण आणि पलीकडचा माणूस

दुसऱ्या प्रकारात वाहन स्वतः होऊन बोलते. केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत नोव्हेंबर २०१६ मध्ये दुरुस्ती करून सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक उपकरण आणि धोक्याचे बटण असावे अशी तरतूद केली. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना तिच्यातून वगळण्यात आले. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या वाहनांना ही तरतूद लागू झाली. या उपकरणाचे मानक पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने प्रसिद्ध केले आहे, आणि वाहतूक खात्यातील मंडळी त्याला ‘एआयएस एकशे चाळीस’ या नावानेच ओळखतात.

उपकरणाची रचना समजण्यास कठीण नाही. उपग्रहांवरून स्थान ओळखणारा एक भाग, भ्रमणध्वनीप्रमाणे संदेश पाठविणारा दुसरा भाग आणि वाहनाची विजेरी तोडली तरी काही काळ चालणारी स्वतःची लहान विजेरी, अशी ती रचना आहे. वाहन चालू असता काही सेकंदांच्या अंतराने ते आपले स्थान, वेग आणि दिशा नियंत्रण केंद्राला कळविते. प्रवाशाने बटण दाबले की नेहमीच्या नोंदींपेक्षा वेगळा, तातडीचा संदेश जातो.

संपर्क नसलेल्या जागी काय होते, हा प्रश्न डोंगराळ भागातील वाचकांच्या मनात येईलच. अशा वेळी उपकरण आपल्या नोंदी साठवून ठेवते आणि संपर्क मिळताच मागील सर्व नोंदी एकदम पाठवून देते. हिशेब तपासावयाचा असेल तर त्या पुरतात. मात्र संकटात सापडलेल्या प्रवाशाला अर्ध्या तासाने पोहोचलेल्या हाकेचा काय उपयोग? म्हणून तातडीचा संदेश साध्या लघुसंदेशाच्या रूपानेही जावा अशी सोय मानकात ठेवलेली आहे. तीही भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यावरच अवलंबून असते. तेव्हा ज्या घाटात किंवा ज्या वस्तीजवळ फोन लागत नाही, तेथे हे बटणही चालणार नाही असे गृहीत धरून चालावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न पलीकडच्या माणसाचा आहे. बटणाने स्वतः कोणाला वाचविता येत नाही. संदेश ज्या केंद्रावर पोहोचतो तेथे कोणी जागे आहे काय, त्याने तो वाचला काय, वाचून जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा रुग्णवाहिकेस कळविले काय, या साखळीतील एक कडी जरी निखळली तरी सारा खर्च वाया जातो. अनेकदा उपकरण बसविल्याचे प्रमाणपत्र मिळविण्यावर भर दिला जातो आणि बटण प्रत्यक्ष दाबून पाहिले जात नाही. शाळेसाठी वाहन ठरविताना मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी या दोन गोष्टी विचारण्यास संकोच करू नये. वाहनात असे उपकरण आहे काय? असल्यास ते शेवटचे कधी तपासले?

युरोपीय संघाने एक पाऊल पुढे टाकले आहे. ३१ मार्च २०१८ पासून तेथील मोटारींच्या नव्या नमुन्यांत अशी यंत्रणा सक्तीची आहे, की जोराची धडक बसून हवेच्या पिशव्या उघडल्या की मोटार आपण होऊनच ११२ या क्रमांकावर हाक मारते आणि स्थान कळविते. चालक बेशुद्ध असला तरी संदेश थांबत नाही. महाराष्ट्रातही आणीबाणीचा क्रमांक ११२ हाच आहे. मात्र आपल्याकडे त्यावर हाक मारण्याचे काम अजून बहुधा रस्त्याने जाणाऱ्या माणसालाच करावे लागते.

सेकंदाला दहा वेळा

आतापर्यंत सांगितलेल्या पद्धतींत वाहन एखाद्या नाक्याशी किंवा केंद्राशी बोलते. ज्याला खऱ्या अर्थाने परिसराशी बोलणे म्हणता येईल, ती तिसरी पद्धत याहून वेगळी आहे. हिच्यात वाहन मध्यस्थावाचून थेट आसपासच्या वाहनांशी बोलते.

त्याची गरज काय, हे थोड्या गणितावरून ध्यानात येईल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात २५ मीटर अंतर कापले जाते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर मोटार पूर्ण थांबण्यास आणखी २० ते २५ मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर पन्नास मीटरच्या आसपास होते. समोरून येणाऱ्यासाठी दिवे खाली केले असता चालकाला रस्ता दिसतो तोही जवळजवळ तेवढाच. वेग ताशी ८० केला, तर थांबण्याचे अंतर ७० मीटरच्या पुढे जाते आणि दिसण्याचे अंतर मात्र आहे तेवढेच राहते. काळोखात उभी असलेली ट्रॉली दिसते तेव्हा थांबण्याची वेळ निघून गेलेली असते. चालक सावध होता की नव्हता, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

अशा प्रसंगी नियंत्रण केंद्रामार्फत वळसा घेऊन येणारा संदेश उपयोगी पडेलच असे नाही. मनोरा, केंद्र, पुन्हा मनोरा या प्रवासात किती वेळ जाईल याची खात्री देता येत नाही. म्हणून थेट बोलण्याच्या पद्धतीत प्रत्येक वाहन सेकंदाला दहा वेळा एक छोटा संदेश चारी दिशांना प्रक्षेपित करते. माझे स्थान अमुक, वेग अमुक, तोंड अमुक दिशेस, ब्रेक लावलेला आहे किंवा नाही, एवढाच मजकूर त्यात असतो. तो कोणा एकाला उद्देशून नसतो. मोकळ्या रस्त्यावर तीनशे मीटरपर्यंतच्या वाहनांना तो ऐकू जातो. ताशी ६० च्या वेगाने ३०० मीटर जाण्यास १८ सेकंद लागतात. ऐकणाऱ्या वाहनातील संगणक दोघांचे मार्ग पुढे वाढवून पाहतो, आणि ते एकमेकांना छेदतात असे दिसले तर चालकाला सावध करतो. वळणाआडचे किंवा पुढच्या मालमोटारीने झाकलेले वाहनही या रीतीने ‘दिसते’. मात्र येथेही मर्यादा आहेत. डोंगराच्या कड्यामागे लहरी पोहोचत नाहीत, आणि हिरव्यागार, पुरुषभर वाढलेल्या उसाच्या फडातून जाताना त्या क्षीण होतात. कोपऱ्यावरचा ऊस डोळ्यांना जसा आड येतो, तसा काही प्रमाणात या लहरींनाही येतो.

खोट्या संदेशाचीही भीती असते. कोणी खोडसाळपणे ‘पुढे अपघात झाला आहे’ असा संदेश सोडला तर वाहतूक ठप्प होईल. म्हणून प्रत्येक संदेशावर गणिती पद्धतीची मोहर असते. संदेश मान्यताप्राप्त उपकरणातून आला आहे, हे तिच्यावरून पडताळता येते. वाहनाची ओळख उघडी पडू नये म्हणून ही मोहर वरचेवर बदलली जाते.

हे सर्व शक्य असूनही जगात ही पद्धत सर्वत्र का पसरली नाही? अमेरिकेने या कामासाठी ५.९ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील जागा १९९९ मध्येच राखून ठेवली होती. परंतु वाहने कोणत्या तंत्राने बोलतील याचा वाद वर्षानुवर्षे चालला. जागा बरीचशी रिकामीच राहिली, आणि २०२० मध्ये तिच्यातील मोठा हिस्सा दुसऱ्या उपयोगासाठी काढून घेण्यात आला. जपानने निराळा मार्ग धरला. तेथे १९९६ पासून रस्त्याकडेच्या यंत्रांवरून मोटारींना वाहतुकीची माहिती देण्यास आरंभ झाला आणि वाहनांचे परस्परांशी बोलणे पुढे आले. माझ्या मते जपानचा क्रम अधिक व्यवहार्य होता. एका बाजूस शासनाने उभारलेले यंत्र निश्चितपणे बोलत असेल, तर पहिल्या दिवशी उपकरण घेणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

थेट बोलण्याच्या पद्धतीत तसे होत नाही. त्याचा हिशेब कोणत्याही शाळकरी मुलाला करता येईल. रस्त्यावरील दहांपैकी एका वाहनात उपकरण असेल, तर समोरासमोर येणाऱ्या दोन वाहनांपैकी दोहोंत ते असण्याचा संभव शंभरात एक एवढाच असतो. निम्म्या वाहनांत असले तरी चारांत एक. आणि ट्रॉली, टायरगाडी व पायी चालणारा यांत ते मुळीच नसेल, तर त्यांच्या बाबतीत संभव शून्यच राहतो, मग मोटारी कितीही बोलक्या असोत. आपल्याकडे अशी उपकरणे अद्याप सर्वसामान्य वाहनांत आलेली नाहीत. ती येतील तेव्हा या शून्याचे काय करावयाचे, याचा विचार आताच व्हावा.

नागपूरचा प्रयोग

या अडचणीतून वाट काढण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रातच झाला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये नागपूर येथे ‘आय-रास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्रीय मार्ग संशोधन संस्था, हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, नागपूर महानगरपालिका आणि इंटेल व महिंद्र या कंपन्या यांनी तो हाती घेतला. महापालिकेच्या बसगाड्यांवर कॅमेरे असलेली उपकरणे बसविण्यात आली. समोरचे वाहन किंवा पादचारी धोकादायक अंतरावर आला की उपकरण बसचालकाला इशारा देते. समोरच्या सायकलस्वाराकडे उपकरण असो वा नसो, कॅमेऱ्याला तो दिसतो.

या प्रयोगाचा खरा लाभ पुढचा आहे. प्रत्येक इशारा कोठे दिला गेला याची नोंद होते. शेकडो फेऱ्यांनंतर या नोंदी नकाशावर मांडल्या, की काही जागी त्यांचे पुंजके दिसू लागतात. तेथे अपघात झालेला नसतो, पण थोडक्यात टळलेला असतो, आणि वारंवार टळलेला असतो. आपल्या प्रशासकीय रीतीप्रमाणे एखादी जागा अपघातप्रवण ठरण्यासाठी तेथे आधी माणसे दगावावी लागतात. टळलेल्या अपघातांवरून जागा ओळखणे हा त्याहून शहाणपणाचा मार्ग आहे. त्यासाठी प्रत्येक वेळी महाग उपकरणे लागतात असेही नाही. रोज त्याच रस्त्याने जाणारा एस. टी.चा चालक, दूध संकलनाची गाडी चालविणारा तरुण आणि ऊस वाहणारा गाडीवान यांना अशा जागा तोंडपाठ असतात. हंगामापूर्वी त्यांना ग्रामपंचायतीत बोलावून विचारले आणि त्यांनी सांगितलेल्या जागा गावनकाशावर मांडल्या, तर नागपूरला उपकरणांनी जे साधले त्यातील बराच भाग गावातही साधेल.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये सुरू झालेल्या वाहतूक नियंत्रण यंत्रणेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. कमानींवरील कॅमेरे वेगमर्यादा मोडणारे, मार्गिका सोडणारे आणि पट्टा न बांधलेले चालक टिपतात. तेथे वाहन फारसे बोलत नाही, रस्ताच पाहतो आणि नोंद करतो.

मुक्या ट्रॉलीची पट्टी

आता आरंभीच्या ट्रॉलीकडे वळू. क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना कुंडललाच असल्याने हंगामाचे काही महिने या रस्त्यांवर रात्रंदिवस ऊस वाहतो. ट्रॉलीला स्वतःचे इंजिन नसते, पुष्कळदा चालू दिवाही नसतो. उसाच्या मोळ्या मागे इतक्या बाहेर आलेल्या असतात की असलेला दिवाही झाकून जातो. अशा वाहनाला बोलके करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे परावर्तक पट्टी.

या पट्टीत काचेचे अत्यंत बारीक मणी किंवा त्रिकोणी लोलक बसविलेले असतात. साधा आरसा प्रकाश दुसरीकडे फेकतो. ही पट्टी मात्र तो ज्या दिशेने आला त्याच दिशेस परत पाठविते. मोटारीचा दिवा आणि चालकाचे डोळे जवळजवळ एकाच रेषेत असल्याने परतलेला प्रकाश नेमका चालकाला दिसतो, आणि तो शंभर-दीडशे मीटरवरूनही दिसतो. ‘फास्टॅग’ नाक्याच्या लहरींवर बोलतो, ही पट्टी मागच्या मोटारीच्या दिव्यावर बोलते. तिला विजेरी लागत नाही, मनोरा लागत नाही आणि समोरच्याकडे उपकरण असावे लागत नाही. पन्नास मीटरवर दिसणारी ट्रॉली शंभर मीटरवर दिसू लागली, तर ताशी ६० च्या वेगाने जाणाऱ्याला तीन सेकंद अधिक मिळतात. वर पाहिल्याप्रमाणे चालकाला पाय ब्रेकवर नेण्यास दीड सेकंद पुरतो.

परावर्तकांची तरतूद मोटार वाहन नियमांत आहेच. उणीव अंमलाची असते, आणि त्याहीपेक्षा निगेची. हंगामाच्या आरंभी लावलेल्या पट्ट्या महिनाभरात फडातील चिखलाने माखतात, मोळ्यांच्या घासण्याने फाटतात किंवा बाहेर आलेल्या वाढ्यांखाली दडतात. वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच. तेथे एक बादली पाणी, एक फडके आणि पट्टीचे एक वेटोळे ठेवले, तर तपासणीसाठी वेगळा माणूस नेमावा लागणार नाही. ट्रॉलीच्या मागील फळीवर पट्टी लावताना ती खालच्या कडेला लावावी, कारण वरचा भाग उसाने झाकला जातो. टायरगाडीला ती जुवाच्या टोकालाही लावावी, म्हणजे समोरून येणाऱ्यास बैलांच्या रुंदीचा अंदाज येतो. बंद पडलेल्या वाहनासाठी दगडांऐवजी घडीचा त्रिकोणी परावर्तक गाडीतच ठेवता येतो. तो चालकाने मांडलेला असतो आणि निघताना तोच तो उचलून नेतो.

कोपऱ्यावरच्या उसाबाबत पंचायत सदस्यांना थोडे बोलणे करावे लागेल. वळणाच्या आतल्या अंगाला चार-पाच सऱ्या कमी उंचीचे पीक घेतले, किंवा तोडणी कार्यक्रमात त्या कोपऱ्याला अग्रक्रम दिला, तर दोन्ही बाजूंची वाहने एकमेकांना दिसतात. शेतकऱ्याचे त्यात थोडे नुकसान आहे, हे मान्य करूनच ही विनंती करावी.

नोंदी कोणाच्या

बोलणारे वाहन आपल्या मालकाविषयीही बोलत असते. तो कोठे गेला, किती वाजता गेला, कोठे थांबला, याचा सारा वृत्तांत कोठल्या तरी संगणकात साठतो. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. अशा नोंदी कोणत्या कारणासाठी घेतल्या हे सांगणे आणि त्याच कारणापुरत्या त्या वापरणे, हे त्याचे मुख्य सूत्र आहे. शाळेच्या किंवा संस्थेच्या गाडीत स्थानदर्शक उपकरण बसविताना या नोंदी कोणाला पाहता येतील आणि किती दिवस ठेवल्या जातील, हे करारातच लिहून घ्यावे.

अपघात पाहणाऱ्याने ११२ वर हाक मारताना जागा सांगण्याची तयारी ठेवावी. ‘कुंडलच्या पुढे, मोठ्या झाडाजवळ’ एवढ्यावरून बाहेरगावच्या रुग्णवाहिकेला काही कळत नाही. रस्त्याचे नाव, जवळच्या किलोमीटर दगडावरील आकडा आणि वाहन कोणत्या गावाकडे तोंड करून उभे आहे, या तीन गोष्टी सांगाव्यात. त्यासाठी ते दगड रंगविलेले आणि वाचता येण्याजोगे असले पाहिजेत. ज्या दगडावरचे आकडे पुसले गेले असतील किंवा जो गवतात बुडाला असेल, त्याची यादी करून ग्रामपंचायतीने गळीत हंगामापूर्वी बांधकाम विभागाच्या उपअभियंत्यांकडे पाठवावी.